आंजर्ले ते मुरूड: सागरी मार्गावरचा चौथा, हलका दिवस

मुंबईहून गोव्याला किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने सायकलवर जायचं ठरलं की पहिला हिशोब होतो तो रोजच्या किलोमीटरचा. नकाशावर रेवसपासून रेड्डीपर्यंतचा रस्ता समुद्राला धरून चाललेला दिसतो आणि रोजचे सत्तर-ऐंशी सहज होतील असं वाटतं. प्रत्यक्षात गावं खाडीच्या तोंडाशी, समुद्रसपाटीला, आणि दोन गावांच्या मधला जांभ्याचा सडा, म्हणजे पठार, शंभर-दीडशे मीटर उंच. गावातून बाहेर पडताना चढ, पुढच्या गावात शिरताना उतार, असं दिवसातून चार-पाच वेळा होतं. तीन दिवस पाय हे निभावून नेतात, गुडघ्याची तक्रार साधारण पाचव्या दिवशी सुरू होते. म्हणून चौथा दिवस हलका ठेवायचा, आणि तो घरून निघण्याआधीच आखायचा. दमल्यावर नाइलाजाने थांबलेला दिवस हलका नसतो, कारण तोवर जी दुखापत व्हायची ती होऊन गेलेली असते.

ही आखणी डिसेंबर-जानेवारीसाठी आणि बारा ते चौदा किलो सामानासाठी आहे. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच असावी. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो गोव्याकडे जाताना पाठीवर किंवा उजव्या खांद्यावर येतो. उलट दिशेने निघाल्यास रोज दुपारी तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. निघायचा वार सोमवार. मग हलका दिवस गुरुवारी येतो, आणि एकट्या माणसाला घरगुती खोली मिळायला आठवड्याच्या मधल्या वारासारखं दुसरं काही नाही. शनिवार-रविवारी याच खोल्या चार-पाच जणांच्या कुटुंबांना जातात आणि एकट्यासाठी पूर्ण खोलीचं भाडं द्यावं लागतं.

पहिला दिवस: मांडवा ते मुरूड-जंजिरा, सुमारे ७० किमी

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, प्रवास साधारण तासाभराचा. सायकल गाड्यांच्या डेकवर कठड्याला दोन ठिकाणी बांधावी: एक पट्टा सीटपोस्टला (सीटखालच्या दांडीला), दुसरा पुढच्या चाकाला. हँडलला बांधलेली सायकल बोट डोलल्यावर फिरते आणि मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) कठड्यावर आपटतो. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, रस्ता सपाट. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाताना रस्ता अरुंद आहे, एसटी समोरून आली तर सरळ उतरून उभं राहावं. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. काशीदच्या आसपासचे चढ छोटे आहेत. या दिवशी वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरावा. सामानासह ताशी पंधरा-सोळाची सरासरी भरपूर झाली.

दुसरा दिवस: मुरूड ते हरिहरेश्वर, सुमारे ७० किमी

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. बंदरामुळे दिघीच्या रस्त्यावर ट्रक असतात आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा कडेला पडलेल्या असतात. या तारा केसाएवढ्या असतात, टायरमध्ये हळूहळू आत जातात, आणि ट्यूब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंक्चर होते. दिवेआगरला पोचल्यावर दोन्ही टायरवरून बोट फिरवून पाहावं. दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल, शेखाडी, आरावी असा रस्ता समुद्राच्या इतक्या जवळून जातो की मला तो सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा वाटतो. मोबाइलला रेंज कमी, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. श्रीवर्धनला बाजार, औषधाचं दुकान, एसटी स्थानक सगळं आहे. केळी, ओआरएसची पाकिटं आणि रोख रक्कम इथेच घेऊन ठेवावी.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते आंजर्ले, ५० ते ५५ किमी

आकडा लहान आहे आणि दिवस पहिल्या चारांतला सर्वांत कठीण. बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) खाडी ओलांडली की बाणकोटचा चढ, वेळासचा उतार, पुन्हा चढ, मग केळशी. केळशीपासून आडे, पाडले करत आंजर्ले. काही चढ दहा-बारा टक्क्यांचे आहेत. पुढे २६ ते ३० दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे ३४ किंवा ३६ दाते असतील तर बसून चढता येतं. त्याहून जड गिअर असेल तर ढकलण्यात कमीपणा मानू नये, उभं राहून ओढलेले चढ गुडघ्याच्या वाटीवर येतात. पाणी तीन लिटर घेऊन निघावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरची झाडं आडवी केली, त्यामुळे जुन्या वर्णनांत सावलीचे म्हटलेले काही पट्टे आता उघडे आहेत.

चौथा दिवस: आंजर्ले ते मुरूड (दापोली), १४ ते १५ किमी

आधी नावाबद्दल. हे मुरूड दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या दक्षिणेचं. फोनमध्ये नुसतं ‘मुरूड’ घातलं तर नकाशा जंजिऱ्याच्या मुरूडला, म्हणजे दोन दिवस मागे नेतो. खोली ठरवताना आणि एसटीची चौकशी करतानाही ‘कर्द्याजवळचं मुरूड’ असं सांगावं.

पूर्ण विश्रांती का नाही, असा प्रश्न येतो. तीन दिवसांच्या चढांनंतर एक दिवस अजिबात न हलता बसलं तर पाचव्या दिवशी सकाळी मांड्या आखडलेल्या असतात, आणि पाचव्या दिवशी कर्दे सोडल्यावर लगेच चढ आहे. तासभर हलक्या गिअरवर पाय फिरवले तर स्नायूंतलं रक्ताभिसरण चालू राहतं आणि अंग मोकळं होतं. अट एकच, जोर अजिबात लावायचा नाही. बोलताना दम लागतो का हे एकट्याला पाहता येत नाही, म्हणून खूण अशी धरावी की तोंड मिटून फक्त नाकाने श्वास घेत सायकल चालली पाहिजे. तोंड उघडावं लागलं की गिअर एक पायरी खाली. मिनिटाला पेडलचे ८० ते ९० फेरे, सपाटीवर वेग बारा-तेरा.

सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, नाडी मोजावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर शरीर अजून सावरलेलं नाही. तेव्हा सकाळची सगळी भटकंती रद्द करून सरळ मुरूड गाठावं आणि झोपावं. दहापेक्षा जास्त वाढ आणि अंगात कणकण असेल तर पाचवा दिवसही इथेच काढावा. दापोली जवळ आहे, डॉक्टर आणि एसटी दोन्ही तिथे मिळतात.

सूर्योदय सातच्या सुमाराला. घाई नाही, साडेसातला भरपेट न्याहारी. घावणे आणि नारळाची चटणी, किंवा पोहे, सोबत दोन केळी. अंतर कमी म्हणून खाणं कमी, हा हिशोब चुकीचा आहे. तीन दिवसांत स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या इंधनाचा) साठा रिकामा झालेला असतो आणि तो भरायला चोवीस तास आणि पुरेसा पिष्टमय आहार लागतो. अशा दिवशी वजनाच्या दर किलोमागे पाच ते सात ग्रॅम कर्बोदकं धरावीत, सत्तर किलोच्या माणसाला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम. कोकणातल्या भातावर हे अगदी सहज होतं.

आंजर्ल्याच्या टेकडीवर कड्यावरचा गणपती आहे, उजव्या सोंडेचा. तिथून हर्णैचा समुद्र आणि सुवर्णदुर्ग दोन्ही दिसतात. जायचं असेल तर सायकल खाली ठेवून पायवाटेने, चप्पल घालून जावं. सायकलच्या बुटांचा लोखंडी क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) जांभ्याच्या पायऱ्यांवर घसरतो आणि झिजतोही. डांबरी रस्त्याने सायकलवर चढणं म्हणजे हलक्या दिवसाचा सगळा उद्देश पहिल्या अर्ध्या तासात संपवणं.

साडेनऊच्या सुमाराला निघावं. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे, पूर्वी इथे तरीने पलीकडे जावं लागे. पुलानंतर पाजपंढरी, कोळ्यांची वस्ती, आणि लगेच हर्णै. या दोन-तीन किलोमीटरांत एकच धोका आहे. मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं आणि मासळीचं पाणी रस्त्यावर सांडत जातं आणि वळणांवर त्याचा बुळबुळीत थर होतो. वळणात ब्रेक दाबायचा नाही. वेग आधी कमी करायचा आणि सायकल न कलवता वळायचं.

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सकाळी आणि दुपारनंतर होतो. होड्यांपासून काठापर्यंत माल आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरतात. हे पाहण्यासारखं आहे, पण सायकल वाळूत नेऊ नये. वरच्या रस्त्यावर एखाद्या चहाच्या टपरीसमोर, मालकाला सांगून, मागचं चाक आणि फ्रेम एकत्र कुलपात घालून ठेवावी. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) सायकलवरच राहिले तरी पुढची हँडलबॅग, म्हणजे पैसे, फोन, कागद, कायम खांद्यावर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. किनाऱ्यावर त्याचे तीन सोबती, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड. कनकदुर्गावर दीपस्तंभ आहे आणि तो चालत दहा मिनिटांत होतो. सुवर्णदुर्गाला होडीने जाण्याचा बेत मात्र एकट्याने या दिवशी करू नये. पूर्ण होडीचं भाडं पडतं, गुडघाभर पाण्यातून उतरावं लागतं आणि सायकल तीन-चार तास नजरेआड राहते.

हर्णै ते मुरूड सात-आठ किलोमीटर, पाळंदे आणि साळदुरे या गावांतून. इथे रस्ता खरोखरच सपाट आहे आणि एका हाताला समुद्र. ओहोटीला वाळू कडक होते आणि लोक सायकली वाळूवरून नेतात. लांबच्या प्रवासात हे करू नये असं मी ठामपणे म्हणेन. खारं पाणी चेनच्या रोलरमध्ये, हबच्या बेअरिंगमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये) जातं. वरून पुसलं तरी आत राहतं आणि आठवडाभरात करकर सुरू होते. तोवर आपण सिंधुदुर्गात असतो आणि तिथे बॉटम ब्रॅकेट काढायचं हत्यार सहज मिळत नाही.

अकरा-साडेअकरापर्यंत मुरूड. जेवणाची वर्दी आदल्या दिवशीच फोनवर द्यावी. एकट्यासाठी ताजी मासळी किंवा मोदक ऐन वेळी होत नाहीत. या गावचे धोंडो केशव कर्वे मुलगा असताना सहावीच्या परीक्षेसाठी इथून घाट चढून साताऱ्याला पायी गेले होते, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. गिअरच्या सायकलवर या चढांची तक्रार करताना ते अंतर ध्यानात असावं.

पोचल्याबरोबर पहिलं काम कपडे. पॅडची चड्डी घामाने भिजलेली असते आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत सावलीत ती चोवीस तासांतही वाळत नाही. साबणाने धुऊन, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून, त्यावर उभं राहून पिळावी, आणि पॅडची बाजू बाहेर काढून उन्हात टाकावी. बारानंतरचं ऊन तीन-चार तास मिळालं की वाळते. उशिरा पोचणाऱ्या दिवसांत हे जमत नाही, म्हणून दोन्ही चड्ड्या या दिवशी धुवाव्यात. ओली किंवा अर्धवट धुतलेली चड्डी हे बुडावरच्या फोडांचं एक मोठं कारण. फोड आला असेल तर फोडू नये, साध्या साबणाने धुऊन कोरडा ठेवावा आणि दिवसभर सैल सुती लुंगी किंवा हाफपँट घालावी.

मग जेवण, मग चाळीस मिनिटं झोप. त्याहून लांब झोपेने रात्रीची झोप जाते, आणि आठ तासांची रात्रीची झोप जास्त मोलाची.

साडेतीन ते पाच सायकलचं काम. एकट्याच्या प्रवासात दुसऱ्याच्या पिशवीतून पाना मागता येत नाही, त्यामुळे हा दीड तास टाळू नये.

चेनपासून सुरुवात. खाऱ्या हवेने आणि जांभ्याच्या लाल धुळीने तिच्यावर तपकिरी-काळा लेप बसलेला असतो. जुन्या दातांच्या ब्रशने आणि थोड्या रॉकेलने चेन घासावी. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. रॉकेलचा एक थेंब डिस्कवर गेला तर पॅड किंचाळायला लागतात आणि उतारावर धरत नाहीत. तसं झालंच तर औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डिस्क पुसावी. चेन कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास वाळू द्यावी. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब, पेडल उलटं वीस-तीस वेळा फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, काम आतलं तेल करतं. गंजरोधक फवारा तेलाच्या जागी वापरू नये, तो उडून जातो आणि जाताना आतलं तेलही धुऊन नेतो.

मोजपट्टी लावून चेन ताणली आहे का तेही पाहावं. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर बारा इंच भरतात. अर्ध्या सुताने (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढल्या असतील तर रत्नागिरीत नवी चेन घ्यावी. एका सुताने वाढल्या असतील तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) झिजलेली असते आणि नवी चेन तिच्यावर घसरते. तेव्हा गोव्याला पोचेपर्यंत जुनी जोडीच चालू ठेवणं शहाणपणाचं.

ब्रेक. डिस्कच्या पॅडवर घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आजच बदलावा. दाभोळचा उतार उद्याच आहे. रिम ब्रेक असेल तर रबरात रुतलेले जांभ्याचे कण सुईने काढावेत, ते रिमचं अॅल्युमिनियम कापतात.

कॅरिअरचे बोल्ट. सामानाच्या हादऱ्याने खालचे दोन, चाकाच्या आसाजवळचे, आधी सैल होतात. चार मिलिमीटरच्या एलन कीने घट्ट करावेत. रोज सैल होणाऱ्या बोल्टवर निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावावं. बोल्ट पडून हरवला तर बाटलीच्या पिंजऱ्याचा एक बोल्ट बहुतेक वेळा तिथे बसतो.

आरे. चिमटीत दोन-दोन आरे दाबत मागचं चाक पूर्ण फिरवावं. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा ढिली लागली तर तिथला आरा तुटायच्या बेतात आहे किंवा निपल (आऱ्याच्या टोकाची नटासारखी टोपी) सुटलं आहे. तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या बाजूचा. त्या लांबीचे तीन आरे सीटपोस्टमध्ये ठेवलेले असावेत.

टायरमधून काचा आणि तारा चिमट्याने काढाव्यात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला एवढ्या सामानासह मागे ५५ ते ६० आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय हवा ठीक. ट्यूब प्रेस्टा (बारीक, लांब) वॉल्व्हची असेल तर पितळी अॅडॅप्टर जवळ हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटारसायकलच्या वॉल्व्हला बसतो, प्रेस्टाला नाही. पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही आठवड्यांत सुकते, न उघडलेली एक वेगळी ठेवावी.

शेवटी आसन. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नये आणि जुन्या उंचीला सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण ठेवावी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे. हँडल थोडं वर फिरवावं आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलावी. हा बदल पाहायला संध्याकाळी विनासामान कर्द्यापर्यंत हळू एक फेरी मारावी.

दिवसभर पाणी पीत राहावं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं पण सोडियम कमी, आणि घामातून मुख्यतः सोडियम जातं. म्हणून शहाळ्यासोबत मीठ घातलेलं कोकम सरबत, किंवा लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट. रात्रीचं जेवण आठच्या आत. फोन, दिवा आणि पॉवर बँक दुपारीच चार्जिंगला लावावेत, संध्याकाळी वीज गेली तर सकाळी दिवा रिकामा मिळतो.

पाचवा दिवस: मुरूड ते गुहागर, ५५ ते ६० किमी

साडेसहाला अंधारातच सामान बांधून उजाडताउजाडता निघावं. कर्द्यानंतरचा लाडघरचा चढ थंड हवेत झाला पाहिजे. पहिली पंधरा मिनिटं चेनचा आवाज ऐकावा. काल नीट तेल दिलं असेल तर आवाज नसतो, आणि टिकटिक येत असेल तर बहुधा डेरेलरची केबल ताणली आहे, बॅरल अॅडजस्टर (केबल ताणायचा स्क्रू) पाव फेरा बाहेर फिरवून पाहावा. लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा चढ-उतार करत दाभोळ. दाभोळच्या उतारावर दोन्ही ब्रेक आलटूनपालटून, दाबून-सोडून वापरावेत, सतत धरून ठेवल्यास रिम किंवा डिस्क तापते. धक्क्यावरून जंगलजेटीने धोपावे, तिकिटाला सुटे पैसे जवळ असावेत. धोपाव्याहून गुहागर पंधरा-अठरा किलोमीटर, पहिला चढ सोडला तर सुसह्य.

यापुढे हेदवी-तवसाळ-जयगड, मग रत्नागिरी, मग पूर्णगड-जैतापूर असे पुन्हा तीन चढाचे दिवस लागतात. त्यानंतरचा हलका दिवस विजयदुर्गाला येतो. तिथली खोली गुहागरहूनच फोन करून ठरवावी.